कर्ण्याच्या मशीनवर गिटार

मामांच्या धंद्यात 'आवाज फाटला' याहून मोठी नामुष्की नव्हती. गोदाघाटावरची सभा असो, पंचवटीतलं लग्न असो की गल्लीतला गणपती, कुणीतरी वक्ता तापायचा, माइकला तोंड लावायचा आणि कर्ण्यातून भरडल्यासारखा आवाज यायला लागायचा. मग मामा मंडपामागून पळत यायचे आणि मशीनचं बटण दोन घरं मागे घ्यायचे. चाळीस वर्षं त्यांनी हेच केलं. आणि मी, त्यांचा भाचा, गेली काही वर्षं त्यांच्याच मशीनमधून तोच फाटलेला आवाज मुद्दाम काढायच्या मागे लागलो आहे. हा लेख म्हणजे या उलट्या उद्योगाचा हिशोब.

लाउडस्पीकरवाल्यांच्या बोलीत 'मशीन' म्हणजे अँप्लिफायर. हे मशीन व्हॉल्व्हचं आहे. वजन पंधरा-सोळा किलो, पत्र्याची हिरवट पेटी, वर जाळी, समोर दोन माइकची आणि एक ग्रामोफोनचं अशी तीन बटणं, शिवाय एक टोनचं. नावाची पाटी केव्हाच पडून गेली आहे. महाराष्ट्रात एके काळी गावोगावच्या मंडपांत दिल्लीच्या अहुजा कंपनीची किंवा फिलिप्सची अशी मशीनं दिसत. शिवाय मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून सुटे भाग आणून कारागीर स्वतः बांधत, तीही असत. आमचं या तिसऱ्या जातीचं असावं, कारण आतली जोडणी हाताची आहे आणि सोल्डरचे थेंब सारखे नाहीत.

मामांचं दुकान भांडी बाजाराजवळ होतं. २००८च्या सप्टेंबरात गोदावरीला पूर आला. नाशिककर पुराची उंची दुतोंड्या मारुतीवरून मोजतात. त्या वेळी मारुती बुडाला आणि पाणी बाजारात शिरलं. दुकानात कमरेइतकं पाणी झालं. त्यानंतर मामांनी दुकान उघडलंच नाही. मंडपवाल्यांकडे तोवर ट्रान्झिस्टरची हलकी मशीनं आली होती, व्हॉल्व्हचं जड धूड कुणाला नको होतं. चिखल पुसून ते आमच्या माळ्यावर गेलं. पुढे २०२०च्या टाळेबंदीत माळा आवरताना भंगारवाल्याने त्यातल्या ट्रान्सफॉर्मरच्या तांब्याचे पैसे सांगितले, तेव्हा मी ते खाली उतरवलं. मी पॉलिटेक्निकमध्ये इलेक्ट्रॉनिक्स शिकवतो आणि तरुणपणी ऑर्केस्ट्रात गिटार वाजवत असे. तांब्याच्या भावात हे मशीन घालवणं जिवावर आलं.

फाटणं म्हणजे काय

आधी 'फाटणं' समजून घेऊ. व्हॉल्व्ह म्हणजे निर्वात काचेची नळी. आत तापलेला कॅथोड असतो, त्यातून इलेक्ट्रॉन सुटतात आणि धन व्होल्टेज दिलेल्या प्लेटकडे धावतात. दोघांच्या मध्ये तारेची जाळी असते, तिला ग्रिड म्हणतात. १९०६ साली ली द फॉरेस्ट या अमेरिकन संशोधकाने ही जाळी घातली आणि अँप्लिफायरचं युग सुरू झालं. ग्रिडवरचं ऋण व्होल्टेज थोडं कमीजास्त झालं की प्लेटकडे जाणारा प्रवाह बराच कमीजास्त होतो. कालव्याच्या दारासारखंच हे. दार हलवायला बळ थोडं लागतं, पण पाणी मोठं हलतं.

पण दाराला दोन टोकं आहेत. पूर्ण बंद झालं की त्याहून कमी पाणी जाणार नाही आणि पूर्ण उघडलं की त्याहून जास्त नाही. माइकमधून किंवा गिटारमधून आलेली लहर फार मोठी असेल तर तिचे माथे आणि तळ या दोन टोकांवर आपटून चपटे होतात. हेच फाटणं.

लहर चपटी झाली की तिच्यात मूळ सुराच्या पटीतले नवे सूर तयार होतात. गिटारची पाचवी तार मोकळी छेडली तर ११० हर्ट्झचा सूर येतो. मशीन फाटलं की २२०, ३३०, ४४० हर्ट्झचे सूर आणखी बळावतात. ११० ला षड्ज धरलं तर २२० म्हणजे वरच्या सप्तकातला षड्ज आणि ३३० म्हणजे त्या सप्तकातला पंचम. थोडक्यात, फाटण्यातून आलेले पहिले पाहुणे घरचेच असतात.

आपल्याकडच्या कानाला ही गोष्ट परकी नाही. मिरजेचे कारागीर तंबोऱ्याची जवारी काढतात तेव्हा घोडीचा माथा असा घासतात की तार तिला ओझरती स्पर्श करत कंप पावते, आणि मग घोडी व तार यांच्यामध्ये दोरा सरकवून नेमकी जागा शोधतात. यात घडतं ते वेगळं, पण हेतू एकच: एका सुरातून त्याचे वरचे स्वर मोकळे करायचे. जवारी नसलेला तंबोरा स्वच्छ बोलतो, पण भरत नाही.

मग मामांच्या वक्त्याचा फाटलेला आवाज वाईट का आणि गिटारचा चांगला का? याला दोन कारणं आहेत. भाषणात आपल्याला शब्द कळायला हवे असतात. 'स', 'श', 'च' यांतला फरक वरच्या पट्ट्यातल्या बारीक कुजबुजीवर ठरतो, आणि फाटण्याच्या कचऱ्यात तीच बुडते. दुसरं म्हणजे, फाटताना एकाहून जास्त सूर असतील तर त्यांच्या बेरजा आणि वजाबाक्याही ऐकू येतात. साधी तीन-चार स्वरांची कॉर्ड फाटक्या मशीनवर वाजवली तर या बेरजा-वजाबाक्या कुठेही पडतात आणि चिखल होतो. पण फक्त सा आणि प वाजवले तर? ११० आणि १६५ यांचा फरक ५५, म्हणजे खालच्या सप्तकातला सा. बेरीज २७५, म्हणजे वरच्या सप्तकातला गंधार. सगळं कुटुंबातलंच. रॉक संगीतातले गिटारवाले फाटक्या आवाजात बहुतेक वेळा सा-प एवढीच जोडी का वाजवतात, याचं उत्तर या साध्या गणितात आहे.

भाषणासाठी केलेलं, वाद्यासाठी दुर्लक्षिलेलं

मंडपाच्या मशीनला गिटारवाले नाक मुरडतात. 'ते पीएचं आहे, त्याला टोन नाही' असं मीही ऐकत आलो. पण वस्तू ज्या कामासाठी केली त्याच कामात शोभेल असा नियम नाही. अमेरिकेतल्या फेंडर कंपनीने बेस गिटारसाठी बासमन नावाचा अँप्लिफायर काढला, तो साध्या गिटारवाल्यांनीच उचलून धरला. लंडनमध्ये जिम मार्शल यांच्या वाद्यांच्या दुकानात १९६२ मध्ये जेटीएम ४५ हे मॉडेल तयार झालं, तेही याच बासमनच्या आराखड्यावर. पुढे रॉकचा म्हणून ओळखला गेलेला आवाज असा दुसऱ्या कामासाठी काढलेल्या यंत्रातून जन्माला आला.

माझ्या मशीनमधले व्हॉल्व्ह पाहिले तर ओळख पटते. पुढच्या भागात ईसीसी ८३, ज्याला अमेरिकन क्रमांकात १२एएक्स७ म्हणतात. शेवटी ईएल ३४ ची जोडी. मार्शलच्या पुढच्या काळातल्या अँप्लिफायरमध्ये हीच दोन नावं भेटतात. माझ्याकडच्या एका ईसीसी ८३ वर बेलची, म्हणजे बंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सची छाप आहे. १९५४ साली स्थापन झालेल्या या सरकारी कंपनीने देशातल्या रेडिओंना व्हॉल्व्ह पुरवले. लष्करासाठी उभ्या राहिलेल्या कारखान्यातली काचेची नळी आधी नाशिकच्या मंडपात आणि आता माझ्या गिटारपुढे आली आहे.

व्हॉल्व्ह तेच, मग आवाज वेगळा का? कारण सभेच्या मशीनची मांडणी तीन बाबतींत गिटारच्या विरुद्ध असते. आत येणारी वाट माइकसाठी असते. मधल्या भागात फाटणं टाळण्याचा बंदोबस्त असतो. बाहेरची वाट लांबच्या कर्ण्यांसाठी असते. या तिन्ही ठिकाणी थोडं थोडं काम केलं की मशीन बदलतं. पण त्याआधी एक गोष्ट.

हिरवी वायर

पेटीचा तळ उघडला तेव्हा पहिली नजर एका हिरव्या वायरवर गेली. ती पत्र्याला जाड बोल्टने आवळलेली होती आणि बोल्टला लाल रंग फासलेला होता. ही वायर मूळची नाही, मामांनी घातलेली आहे. पूर्वी या मशीनला दोन पिनांचा प्लग होता. एका गणपतीत पावसाने मंडप गळत होता. मामांच्या हाताखालचा एक मुलगा एका हाताने मशीनच्या पत्र्याला आणि दुसऱ्याने ओल्या लोखंडी खांबाला शिवला. तो वाचला, पण उजव्या हाताची दोन बोटं कायमची वाकडी राहिली. त्या आठवड्यात मामांनी दुकानातल्या सगळ्या मशीनना तिसरी पिन लावली. हा प्रसंग त्यांनी मला कधी सांगितला नव्हता. लाल बोल्टबद्दल विचारलं तेव्हा सांगितला.

पुराने तो बोल्ट गंजला होता. मल्टिमीटर लावला तर प्लगच्या अर्थिंगच्या पिनेपासून पत्र्यापर्यंत जवळपास शून्य ओहम यायला हवे होते, ते आले नाहीत. म्हणजे बाहेरून तीन पिना, पण आतून अर्थिंग नाही. पत्रा घासून, नवीन बोल्ट आणि दातेरी वायसर घालून मी तो जोड पुन्हा केला आणि वर लाल रंग लावला.

गिटारवाल्यासाठी हे जास्तच महत्त्वाचं आहे. गिटारच्या तारा आतून मशीनच्या पत्र्याला जोडलेल्या असतात. पत्र्यात करंट उतरला तर तो थेट बोटांत येतो, आणि समोर दुसऱ्या मशीनचा माइक असेल तर ओठांत. जुनं मशीन हाती आलं तर टोनचा विचार दुसऱ्या दिवशी करा. पहिला दिवस अर्थिंग, फ्यूज आणि वायरचा.

आणखी एक इशारा. अशा मशीनच्या आत चारशे व्होल्टच्या वर डीसी असतो आणि प्लग काढल्यावरही तो फिल्टर कंडेन्सरमध्ये साठून राहतो. हात घालण्याआधी दहा किलोओहम, दहा वॅटच्या रेझिस्टन्समधून कंडेन्सर रिकामा करायचा आणि शून्य झाल्याचं मीटरवर पाहायचं. ज्यांना ही सवय नाही त्यांनी झाकण उघडू नये, जाणत्या मेकॅनिककडे जावं. यात कमीपणा काही नाही.

पुरातून बाहेर

चिखलात बुडालेलं मशीन थेट चालू करणं म्हणजे ट्रान्सफॉर्मर जाळणं. मी सगळे व्हॉल्व्ह काढले, आतला गाळ ब्रशने आणि स्वच्छ पाण्याने काढला, आणि मे महिन्याच्या उन्हात गच्चीवर ते कित्येक दिवस वाळवलं. मग ट्रान्सफॉर्मरच्या वेटोळ्यांचं इन्सुलेशन मेगरने तपासलं. ते ठीक निघालं, हे नशीब. अशा मशीनची खरी किंमत या दोन ट्रान्सफॉर्मरमध्ये असते. बाकी सगळं बाजारात मिळतं.

पहिल्यांदा वीज दिली ती सिरीज बल्बमधून. रेडिओ मेकॅनिकच्या टेबलावर असणारा हा बोर्ड म्हणजे गरिबाची विमा पॉलिसी. मशीनच्या वाटेत शंभर वॅटचा साधा बल्ब असतो. आत कुठे शॉर्ट असेल तर बल्ब पूर्ण पेटतो आणि मशीन वाचतं. माझा बल्ब क्षणभर उजळून मंद झाला.

मग कंडेन्सर. फिल्टरचे जुने इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सर आतून सुकतात, त्यामुळे घरघर येते. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे सुकलेल्या फिल्टरची घरघर १०० हर्ट्झची असते. ते सगळे बदलले. दोन टप्प्यांमधले जुने कागदी कंडेन्सर त्याहून धोकादायक. त्यांचं काम लहर पुढे जाऊ द्यायची आणि डीसी अडवायचा हे आहे. म्हातारपणी ते डीसी गळू देतात, ईएल ३४ चं ग्रिड ऋण राहत नाही, प्रवाह बेफाम वाढतो आणि प्लेट लाल होते. त्या जागी ६३० व्होल्टचे पॉलिस्टरचे घातले.

शेवटी बायस. ईएल ३४ ची प्लेट जास्तीत जास्त २५ वॅट उष्णता सहन करते. अशा मशीनमध्ये शांत असताना त्याच्या सत्तर टक्क्यांवर, म्हणजे साडेसतरा वॅटवर जाऊ नये. प्रत्येक कॅथोडखाली मी एक ओहमचा रेझिस्टन्स घातला. त्यावर जितके मिलिव्होल्ट, तितके मिलिअँपिअर, वेगळं गणित नको. माझ्याकडे प्लेटवर ४२० व्होल्ट होते. ३५ मिलिअँपिअर ठेवले तर १४.७ वॅट होतात. बायस फार थंड ठेवला तर हळू वाजवलेला सूर कोरडा आणि किरकिरा वाटतो. फार गरम ठेवला तर व्हॉल्व्ह लवकर मरतो.

एवढं झाल्यावर गिटार लावली. आवाज आला. पण डब्यातून आल्यासारखा, पातळ आणि मेणचट. खरं काम इथून सुरू झालं.

आत येणारी वाट

गिटारच्या पिकअपमध्ये लोहचुंबकाभोवती बारीक तारेची हजारो वेढे असलेली गुंडाळी असते. ती जरा नाजूक प्रकृतीची आहे. पुढच्या यंत्राने तिच्याकडून फार प्रवाह मागितला तर तिचा वरचा पट्टा आधी मरतो. म्हणून तिच्यापुढे एक मेगओहमइतका मोठा अडथळा लागतो. माझ्या मशीनच्या दोन्ही माइकच्या वाटांवर मात्र माइक ट्रान्सफॉर्मर होते. ते कमी ओहमच्या माइकसाठी उत्तम, गिटारसाठी घातक.

दुसऱ्या माइकच्या वाटेवरचा ट्रान्सफॉर्मर मी सोडवला. तिथे गिटारचा जॅक बसवला, त्यातून ६८ किलोओहम घेऊन थेट ईसीसी ८३ च्या ग्रिडला गेलो आणि जॅकवर एक मेगओहम जमिनीला दिला. फरक तेव्हाच कळला: तारेवर नखी घासल्याचा आवाजही ऐकू येऊ लागला. गिटारची केबलही लहान ठेवावी. केबलच्या दर मीटरमागे साधारण शंभर पिकोफॅरड जमा होतात आणि तेही वरचा पट्टा खातात. मंडपात वापरायची पंधरा मीटरची वायर इथे उपयोगाची नाही.

मधला बंदोबस्त

पुढची अडचण खर्जाची. गिटारची सर्वांत जाड तार ८२ हर्ट्झला बोलते. हा खर्ज तसाच पुढे गेला तर फाटण्याची जागा तोच अडवतो आणि आवाज ओल्या गोणपाटासारखा होतो. म्हणून जाणकार फाटण्याच्या आधी खर्ज कमी करतात आणि नंतर स्पीकरकडून परत मिळवतात. ईसीसी ८३ च्या कॅथोडवर २५ मायक्रोफॅरडचा कंडेन्सर होता. त्याने खालपासून वरपर्यंत सगळं सारखंच वाढतं. त्याजागी ०.६८ मायक्रोफॅरड घातला, की तीनशे हर्ट्झच्या खालचा भाग हळूहळू कमी वाढतो. पाच-दहा रुपयांचा भाग, पण सगळ्या बदलांत मोठा फरक यानेच पडला.

त्यानंतर निगेटिव्ह फीडबॅक. सभेच्या मशीनमध्ये शेवटच्या आवाजाचा थोडा अंश उलटा करून मागे आणतात, म्हणजे मशीन स्वतःची चूक स्वतः सुधारतं. फाटणं कमी होतं, आवाज सरळ राहतो. पण सुधारायची ताकद संपते त्या क्षणी ते एकदम कोसळतं: आतापर्यंत स्वच्छ, आणि पुढच्या क्षणी धारदार करकर. मामांच्या वक्त्याच्या तोंडचा तो भरडा आवाज हाच. फीडबॅक कमी केला तर मशीन थोडं आधीपासून फाटायला लागतं, पण हळूहळू, कडा गोल ठेवून. बोटाचा जोर थोडा वाढवला तर थोडं, जास्त वाढवला तर जास्त. वादकाला हवा असतो तो हा उतार. त्या वाटेवर मी मूळ रेझिस्टन्सच्या जोडीला सिरीजमध्ये आणखी एक घातला आणि मागे एक बटण दिलं. एका बाजूला सभा, दुसऱ्या बाजूला गिटार.

शेवटचा प्रश्न जोराचा. तीस वॅटचं मशीन फाटेपर्यंत नेलं तर घरात बसवत नाही. चांगला बारा इंची स्पीकर एका वॅटला, एक मीटरवर, ९७ डेसिबेल देतो. तीस वॅटला तो ११२ च्या आसपास जातो. वॅट निम्मे केले तर कमी होतात फक्त तीन डेसिबेल. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांत निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबेलची मर्यादा आहे. शेजारी तक्रार करायला कायदा वाचत नाहीत, हा भाग वेगळा. ग्रामोफोन आता नाही, म्हणून त्याच्या व्हॉल्यूमचं बटण मी मधल्या भागात मास्टर म्हणून जोडलं. आता पुढचे व्हॉल्व्ह फाटू द्यायचे आणि शेवटच्या जोडीकडे थोडंच सोडायचं. ईएल ३४ तापल्यावर जी माया येते ती यात पूर्ण येत नाही, हे प्रामाणिकपणे सांगतो. ती ऐकायची तर गावाबाहेरच्या शेतावर जावं लागतं.

बाहेरची वाट

मशीनच्या मागे पट्टीवर चार खुणा होत्या: ४, ८, १६ ओहम आणि १०० व्होल्ट. ही शंभर व्होल्टची वाट मंडपवाल्यांची. महावितरण वीज जास्त व्होल्टेजवर लांब नेतं आणि घराजवळ कमी करतं, तशीच. लांबच लांब बारीक वायरवर आवाज शंभर व्होल्टवर जातो आणि प्रत्येक कर्ण्यापाशी छोटा लाइन ट्रान्सफॉर्मर तो उतरवतो. तीस वॅटला ही वाट ३३३ ओहमची पडते. तिच्यावर आठ ओहमचा स्पीकर थेट लावला तर मशीनची पार दमछाक होते. गिटारचा आठ ओहमचा स्पीकर आठच्याच खुणेवर लावायचा. आणि स्पीकर न लावता व्हॉल्व्हचं मशीन कधी वाजवायचं नाही. ऊर्जेला बाहेर जायला वाट मिळाली नाही की आउटपुट ट्रान्सफॉर्मरच्या आत ठिणगी पडते, आणि मग उरतं तेच भंगारवाल्याचं तांबं.

कर्णा गिटारसाठी चालत नाही, कारण तो साधारण तीनशे हर्ट्झच्या खाली बोलतच नाही. घरातल्या हाय-फाय स्पीकरचा ट्वीटरही नको. फाटण्यातून निघालेली वरची सगळी किसकिस तो इमानदारीने ऐकवतो. गिटारसाठी लागतो कागदी कोनाचा बारा इंची स्पीकर, जो पाच हजार हर्ट्झच्या वर आपोआप थकतो. त्याचं थकणं हीच गाळणी. १८ मिलिमीटर प्लायची पेटी मी सुताराकडून करून घेतली. पाठ अर्धी उघडी ठेवली, त्याने खोलीत आवाज मोकळा पसरतो.

बेंजोचं देणं

हे सगळं करताना एक गोष्ट उशिरा लक्षात आली. मी शोध लावतो आहे असं मला वाटत होतं, पण आमच्या रस्त्यांवर ही गोष्ट आधीच घडून गेली होती. जपानमध्ये नागोयाच्या गोरो मोरिता यांनी १९१२ साली टाइपरायटरसारख्या कळा असलेलं ताइशोगोतो हे तंतुवाद्य केलं. भारतात ते बुलबुल तरंग झालं आणि महाराष्ट्राच्या मिरवणुकांत 'बेंजो'. वादकांनी त्याच्या तारांखाली लोहचुंबकाचा पिकअप बसवला आणि वायर मंडपाच्या मशीनला लावली. म्हणजे लोहचुंबक, गुंडाळी, व्हॉल्व्ह. विद्युत गिटारचीच साखळी. वाकडी बारवेपासून निघणाऱ्या विसर्जन मिरवणुकीत ढोलांच्या गदारोळावर चढणारा बेंजोचा तो किंचित फाटलेला, टोकदार सूर लहानपणी आमच्या पोटात गोळा आणायचा. त्याला टोन म्हणतात हे तेव्हा कुणी सांगितलं नव्हतं. मामांना विचारलं तर म्हणाले, "बेंजोवाले माझं ऐकायचेच नाहीत. मी बटण मागे घ्यायचो, ते पाठ वळली की पुढे करायचे." त्यांना काय हवं होतं, ते त्यांना नीट माहीत होतं.

कसं वाजवावं

शेवटी वापराबद्दल. बटणं सगळी पूर्ण फिरवू नयेत. आधी गिटारवरचं व्हॉल्यूम पूर्ण उघडा. मशीनवर गिटारच्या वाटेचं बटण हळूहळू वाढवत न्या, जोराने छेडल्यावर सूर जरा खरखरेल आणि हळू छेडल्यावर स्वच्छ राहील तिथे थांबा. मास्टरने खोलीपुरता जोर ठरवा. नंतर मशीनला हात लावायचा नाही. स्वच्छ सूर हवा असेल तर गिटारचं व्हॉल्यूम थोडं मागे घ्यायचं, बस. टोनचं बटण उजळ करण्याऐवजी थोडं मंद ठेवा. एकट्याला खोलीत जो आवाज जरा काळपट वाटतो तो तबला-ढोलकीबरोबर नेमका बसतो. मशीनला तापायला दहा मिनिटं द्या, मगच मत बनवा.

मशीन बदलायला मामांनी परवानगी दिली, पण अट घातली: पहिल्या माइकला हात लावायचा नाही. मी लावला नाही. दुसऱ्या वाटेवरून काढलेला ट्रान्सफॉर्मर, जुना कॅथोड कंडेन्सर आणि मूळ जोडणीचं हाताने काढलेलं चित्र एका डब्यात घालून पेटीच्या तळाशी ठेवलं आहे. पुढे कुणाला मशीन पुन्हा सभेचं करायचं झालं तर तासाभराचं काम आहे.

सगळं जुळल्यावर मामांना घरी आणलं. आता ते ऐंशीच्या पुढे आहेत, ऐकू कमी येतं. गिटार फाटायला लागल्याबरोबर त्यांचा हात सवयीने बटणाकडे गेला आणि मध्येच थांबला. "मुद्दाम?" त्यांनी विचारलं. मी मान डोलावली. त्यांनी हात मागे घेतला, पण चेहऱ्यावरची काळजी काही गेली नाही. मग म्हणाले, "माइक लाव." मागचं बटण मी सभेच्या बाजूला केलं आणि पहिल्या वाटेत माइक लावून दिला. घाटावर चाळीस वर्षं जे म्हटलं तेच ते म्हणाले, "हॅलो, हॅलो, एक, दोन, तीन." आवाज स्वच्छ, गोल, कुठेही न फाटलेला. त्यांनी मान कलती करून तो पूर्ण ऐकला. मग खाली वाकून पेटीच्या मागची वायर हाताने चाचपली आणि विचारलं, "तीन पिनांचीच आहे ना?"